तेलाची टाकी, पाण्याचं दुखणं

अमेरिकेच्या ईशान्येकडे, न्यू जर्सीपासून मेनपर्यंत, हिवाळा लागला की जुन्या वस्त्यांतून घरं तापवण्याच्या तेलाचे टँकर फिरू लागतात. टँकरवाला लांबलचक होज ओढत घराच्या कडेला येतो, भिंतीबाहेर आलेल्या पाइपचं झाकण काढतो, होजचं तोंड त्यात बसवतो आणि कान देऊन ऐकतो. शिट्टी वाजत असेल तरच तो तेल सोडत राहतो. तळघरातल्या टाकीत तेल शिरतं तशी आतली हवा दुसऱ्या पाइपातून, म्हणजे व्हेंटमधून, बाहेर पडते आणि वाटेतली शिट्टी वाजवते. या शिट्टीची नळी टाकीत खाली उतरलेली असते. तेल तिच्या टोकाला लागलं की आवाज थांबतो, म्हणजे टाकी भरली. शिट्टी सुरुवातीपासूनच वाजली नाही तर तेल सोडायचं नाही, हा या धंद्यातला पहिला नियम आहे.

नियम एवढा कडक असण्याचं कारण टाकीच्या घडणीत आहे. घरगुती टाकीचं सर्वांत प्रचलित माप २७५ गॅलन, म्हणजे सुमारे १,०४० लिटर. साडेतीन फुटांहून थोडी उंच, पाच फूट लांब आणि सव्वादोन फूट रुंद अशी ही लांबट गोल टाकी चार पायांवर उभी असते. भरली की तिचं वजन एक टनाच्या घरात जातं, पण तिचा पत्रा असतो जेमतेम दोन ते अडीच मिलिमीटर जाडीचा. ती दाब सोसण्यासाठी बनवलेलीच नाही. टँकरचा पंप मिनिटाला दोन-तीनशे लिटर तेल ढकलतो. अशा वेळी गांधीलमाशीच्या घरट्यानं किंवा बर्फानं व्हेंट बंद झालेला असेल, तर कोंडलेल्या हवेनं टाकीची शिवण उकलू शकते आणि तेल तळघरात पसरतं. म्हणून निगेची सुरुवात टाकीपासून न करता बाहेरच्या दोन पाइपांपासून करावी. भरायच्या पाइपचं झाकण घट्ट आहे ना, त्याचं वायसर शाबूत आहे ना, व्हेंटवरची टोपी आणि जाळी जागेवर आहे ना आणि दोन्ही तोंडं साचलेल्या बर्फाच्या वर आहेत ना, एवढं पाहायला पाच मिनिटं पुरतात.

कोळशानंतरचं इंधन

अमेरिकेत आजही सुमारे ५० लाख घरं तेलावर तापतात आणि त्यांतली दहापैकी आठ घरं याच ईशान्य पट्ट्यात आहेत. मेन राज्यात तर निम्म्याहून अधिक घरांचं हिवाळ्यातलं मुख्य इंधन हेच. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत इथल्या तळघरांत कोळशाची कोठारं होती. दुसऱ्या महायुद्धानंतर शहरांबाहेर नवी उपनगरं उभी राहिली तेव्हा कोळशाची राख उपसण्यापेक्षा तेलाचा बर्नर लोकांना सोयीचा वाटला. गॅसच्या वाहिन्या जिथे पोचल्या नाहीत तिथे तेल टिकून राहिलं.

हे तेल म्हणजे जवळजवळ डिझेलच. वाहनांच्या डिझेलवरचा रस्ताकर त्याला लागू नसतो, म्हणून ओळख पटावी यासाठी त्यात लाल रंग घालतात. बर्नरमधला पंप हे तेल दाबाखाली नॉझलच्या बारीक छिद्रातून फवारतो, ठिणगीनं ते पेटतं आणि त्या आचेवर बॉयलरमधलं पाणी किंवा फर्नेसमधली हवा तापते. बर्नर, पंप, पंखा ही फिरणारी यंत्रं आहेत. ती बिघडली की आवाज करतात, बंद पडतात आणि घरातल्यांना लगेच कळतं. टाकीत मात्र हलणारा भाग एकच, गेजचा तरंगता फ्लोट. त्यामुळे ती वर्षानुवर्षं कुणाच्या ध्यानात येत नाही.

महाराष्ट्रातून न्यू जर्सीत किंवा बॉस्टनच्या आसपास येऊन जुनं घर घेणाऱ्या मराठी कुटुंबांना इथे एक फरक मुद्दाम समजून घ्यावा लागतो. आपल्याकडे गॅसचा सिलिंडर कंपनीचा असतो. तो रिकामा झाला की जातो, त्याची तपासणी कंपनी करते आणि दुसरा येतो. तेलाची टाकी सहसा घरमालकाच्या मालकीची असते. तेल विकणारा फक्त तेल देतो. पत्रा गंजला, गळती झाली, जमीन खराब झाली, तर जबाबदारी घरमालकावर येते.

शत्रू आतून येतो

टाकी बाहेरून रंगवलेली, कोरडी आणि ठणठणीत दिसते आणि एके दिवशी तळाशी लाल थेंब जमलेला आढळतो. तेलानं लोखंड गंजत नाही. गंजवतं ते तेलाखाली साचलेलं पाणी.

हे पाणी येतं हवेतून. जळण्यासाठी जेवढं तेल टाकीतून जातं तेवढीच हवा व्हेंटमधून आत येते आणि तिच्याबरोबर बाष्प येतं. टाकीचा पत्रा थंड असला की ते बाष्प आतल्या भिंतीवर दवासारखं जमतं, ओघळतं आणि तेलापेक्षा जड असल्यानं थेट तळ गाठतं. अंगणात उभ्या असलेल्या टाकीला हा त्रास जास्त, कारण दिवसाच्या उन्हात ती तापते आणि रात्री गारठते. झाकणाचं वायसर गेलेलं असेल तर पावसाचं पाणीही आत उतरतं.

तळाशी तेल आणि पाणी एकमेकांना टेकतात त्या सीमेवर जीवाणू आणि बुरशी वाढतात. त्यांना पाणी खालून मिळतं आणि अन्न वरून, कारण तेलातले हायड्रोकार्बन हेच त्यांचं खाद्य. त्यांच्या वाढीतून आम्लं तयार होतात आणि ती पत्र्याला एकसारखी न झिजवता ठिपक्याठिपक्यांनी खड्डे पाडतात. म्हणूनच बाकीची टाकी चांगली असताना एखाद्याच जागी टाचणीएवढं भोक पडतं. पूर्वी तेलात गंधकही भरपूर असे. न्यूयॉर्कनं २०१२ साली ते दशलक्षात १५ भागांवर आणलं आणि २०१८ पर्यंत न्यू इंग्लंडच्या राज्यांनीही तीच मर्यादा घातली. त्याआधी हे प्रमाण हजारांत होतं. गंधक घटल्यानं बॉयलरमधली काजळी आणि आम्लता कमी झाली, पण तळाचं पाणी आणि त्यातले जीव त्यामुळे जात नाहीत.

पाणी आहे की नाही हे कळायला सोपी युक्ती आहे. लांब काठीच्या टोकाला पाणी ओळखणारी पेस्ट लावतात आणि काठी भरण्याच्या पाइपातून किंवा टाकीवरच्या तोंडातून तळापर्यंत सोडतात. पाणी असेल तिथवर पेस्टचा रंग बदलतो. पाणी इंच-दोन इंच असेल तर ते पंपानं काढून घ्यावं लागतं. जंतुनाशक औषधं टाकीत टाकता येतात, पण मेलेले जंतू शेवटी गाळच होतात. औषध घातलं तरी पाणी उपसणं सुटत नाही.

यावरून टाकीच्या बसवणुकीच्या दोन बारकाव्यांचा अर्थ लागतो. नव्या टाकीतून तेल घेण्याचं तोंड बहुधा अगदी तळाला असतं आणि टाकी त्या बाजूला किंचित उतरती ठेवतात. त्यामुळे पाण्याचा थेंब साचून न राहता तेलाबरोबर थोडाथोडा निघून जातो. दुसरं म्हणजे जुनी टाकी बदलताना तिच्यातलं उरलेलं तेल नव्या टाकीत ओतण्याचा मोह टाळावा. दोन-तीनशे डॉलरच्या तेलाबरोबर जुना गाळ, पाणी आणि जंतूही नव्या टाकीत जातात आणि तिचं आयुष्य पहिल्याच दिवसापासून कमी होऊ लागतं.

उन्हाळ्यात टाकी भरून ठेवावी, असा सल्ला जुने तंत्रज्ञ देतात. टाकीत तेल जास्त म्हणजे हवा कमी आणि हवा कमी म्हणजे दव कमी, हा त्यामागचा हिशेब. बाहेरच्या टाकीसाठी तो मोलाचा आहे. कोरड्या, सम तापमानाच्या तळघरात फायदा कमी असतो, पण तोटा काहीच नाही.

गाळ आणि फिल्टर

तळाचा गाळ जागच्या जागी बसलेला असतो तोवर निरुपद्रवी असतो. तो ढवळला जाण्याचे प्रसंग दोन. पहिला, टँकर तेल ओततो तेव्हा. म्हणून तेल भरताना बर्नर बंद ठेवावा आणि नंतरही गाळ खाली बसायला दोन-तीन तास द्यावेत. दुसरा, टाकी जवळजवळ रिकामी होते तेव्हा, कारण मग नळी तळाचंच ओढू लागते.

टाकी आणि बर्नर यांच्यामध्ये फिल्टर असतो. त्यातलं पुठ्ठ्याचं किंवा लोकरीचं काडतूस दर वर्षी बदलायचं. वार्षिक सर्व्हिसिंगमध्ये तंत्रज्ञ ते बदलतो, नॉझल बदलतो, पंपाची जाळी धुतो, बॉयलरची काजळी काढतो आणि शेवटी धुराची तपासणी करून ज्योत नीट जळते का ते पाहतो. जुन्या काडतुसाकडे आपण स्वतः एकदा नजर टाकावी. त्यावर काळा चिकट लगदा असेल किंवा भांड्यात तळाला पाणी असेल, तर टाकीच्या आत काय चाललं आहे याची ती सर्वांत स्वस्त खबर असते.

आता या गणितात जैवडिझेल आलं आहे. न्यूयॉर्क राज्यात तापवण्याच्या तेलात २०२२ पासून किमान ५ टक्के जैवडिझेल सक्तीचं झालं, २०२५ पासून १० टक्के आणि २०३० पासून २० टक्के अशी चढती पायरी कायद्यानं ठरवली आहे. कनेक्टिकट आणि ऱ्होड आयलंडही त्याच वाटेवर आहेत. जैवडिझेल चांगलं जळतं, पण त्याचा एक गुण जुन्या टाकीला जाचतो. ते वर्षानुवर्षांचा चिकटलेला मळ सोडवतं. म्हणून मिश्रण बदलल्यावर पहिल्या हिवाळ्यात फिल्टर लवकर तुंबतात. शिवाय ते पाणी अधिक धरून ठेवतं, त्यामुळे तळाच्या पाण्याची तपासणी आता पूर्वीपेक्षा जास्त गरजेची झाली आहे.

काटा काय सांगतो

टाकीवर काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या नळीत एक लहानसा दर्शक असतो. तो आतल्या फ्लोटला जोडलेला असतो आणि पाव, अर्धा, पाऊण अशा खुणा दाखवतो. तो तेलाची उंची सांगतो, आणि टाकीचा तळ गोल असल्यानं पाव उंचीवर तेल पावापेक्षा कमी, साधारण एक पंचमांश, म्हणजे ५५ ते ६० गॅलन असतं.

हे किती दिवस पुरेल? तेलाचे व्यापारी यासाठी ‘डिग्री डे’ वापरतात. दिवसाच्या कमाल आणि किमान तापमानाची सरासरी काढायची आणि ती ६५ अंश फॅरनहाइटमधून वजा करायची. सरासरी ३५ असेल तर त्या दिवसाचे ३० डिग्री डे झाले. प्रत्येक घर एका गॅलनमध्ये किती डिग्री डे काढतं, हे मागच्या भरण्यांवरून कळतं. समजा एखादं घर गॅलनला ५ डिग्री डे काढतं. मग ३५ अंशांच्या दिवशी ६ गॅलन तेल जाईल आणि पाव टाकी नऊ-दहा दिवस टिकेल. कडाक्याच्या लाटेत सरासरी १५ अंशांवर आली तर रोज १० गॅलन लागतील आणि तीच पाव टाकी सहा दिवसांत संपेल. टाकी न बघताच व्यापारी तुमच्याकडे वेळेवर टँकर पाठवतो तो या हिशेबावर. मात्र घरात पाहुणे वाढले, खोली वाढवली किंवा लाकडाची शेगडी बसवली तर त्याचा हिशेब चुकतो. हे त्याला कळवायला हवं.

स्वतः तेल मागवणाऱ्यांनी काटा पावावर येण्याआधी फोन करावा. बर्फाच्या वादळात टँकर दोन-तीन दिवस पोचत नाही. तेल संपलंच तर पेट्रोल पंपावरचं डिझेल पाच-दहा गॅलन ओतून वेळ मारून नेता येते. पेट्रोल मात्र कधीही नाही, स्फोट होईल. तेल संपल्यावर नळीत हवा शिरते, म्हणून पुन्हा भरल्यावर ती हवा काढावी लागते. बर्नरवरचं लाल रिसेट बटण एकदाच दाबावं. ते पुनःपुन्हा दाबलं तर न जळलेलं तेल भट्टीत साचतं आणि नंतर एकदम पेट घेतं.

बाहेरच्या टाकीला थंडीचा आणखी एक त्रास आहे. पारा गोठणबिंदूच्या बराच खाली गेला की तेलातलं मेण स्फटिकांच्या रूपानं वेगळं होतं, तेल आधी गढूळ होतं आणि मग घट्ट. फिल्टर आणि बारीक नळी आधी बंद पडते. उपाय म्हणजे हिवाळ्यात तेलात रॉकेल मिसळून घेणं. महाग पडतं, पण पहाटे दोन वाजता तंत्रज्ञ बोलावण्यापेक्षा स्वस्त. छपरावरून घसरलेला बर्फाचा ढीग बाहेरच्या टाकीचा फिल्टर मोडून टाकतो आणि सगळं तेल जमिनीत जातं, असे प्रकार मेनमध्ये इतके झाले की फिल्टरवर पत्र्याचं कवच बसवण्याचा सल्ला तिथे सर्रास दिला जातो.

गळतीची वाट

टाकी बघायला टॉर्च आणि कागदी रुमाल पुरतो. तळाखालून कोरडा कागद फिरवला आणि त्यावर लाल ओल आली तर टाकी पाझरते आहे. पाय गंजलेत का, टाकी एका बाजूला कलली आहे का, बाहेरच्या टाकीखालची काँक्रीटची लादी खचली आहे का, हेही पाहावं. चुंबकानं चिकटणारी तात्पुरती ठिगळं मिळतात. ती नवी टाकी येईपर्यंतच. एका जागी भोक पडलं म्हणजे शेजारी आणखी दहा जागा झिजलेल्या असतात. तंत्रज्ञ अल्ट्रासाउंडनं पत्र्याची जाडी मोजू शकतो. वीस-पंचवीस वर्षांच्या टाकीसाठी हा खर्च सार्थ आहे.

तेल गळलं तर लगेच टाकीची झडप बंद करावी. मांजराच्या शी-शूच्या ट्रेमध्ये घालतात ती माती किंवा लाकडाचा भुसा टाकून तेल शोषून घ्यावं. नाल्यात धुऊन टाकू नये. तळघरात पाणी उपसणारा पंप असेल तर त्याचा प्लग आधी काढावा, नाहीतर तो तेल अंगणात नेऊन ओतेल.

टाकीपासून बर्नरकडे जाणारी तांब्याची नळी हे दुसरं नाजूक स्थान. जुन्या घरांत ती थेट काँक्रीटच्या जमिनीत गाडलेली असे. काँक्रीटमध्ये तांबं कुठे कुरतडलं गेलं तर तेल जमिनीत झिरपत राहतं आणि वर काहीच दिसत नाही. मॅसॅच्युसेट्सनं २००८ साली यासाठी कायदा केला. तिथल्या घरांना सप्टेंबर २०११ पर्यंत एकतर नळीवर संरक्षक नळकांडं घालायचं होतं, नाहीतर टाकीजवळ अशी सुरक्षा झडप बसवायची होती, की नळी फुटली तर तेल आपोआप थांबेल. त्याच कायद्यानं विमा कंपन्यांना गळतीसाठीचं संरक्षण ग्राहकापुढे ठेवणंही बंधनकारक केलं. हे संरक्षण ऐच्छिक असतं आणि घराच्या नेहमीच्या विम्यात प्रदूषणाचा खर्च बहुधा नसतोच. पॉलिसी एकदा वाचून काढावी.

अंगणाखालची टाकी

न्यू जर्सीत घर घेणाऱ्याला तेलाचा प्रश्न गॅसवर चालणाऱ्या घरातही भेटू शकतो. पन्नास ते सत्तरच्या दशकांत टाक्या सर्रास अंगणात पुरल्या जात. पुढे घर गॅसवर गेलं, पण टाकी जमिनीखालीच राहिली. मोठ्या पुरलेल्या टाक्यांवर अमेरिकेत केंद्रीय कायदा आहे, पण घरातच वापरायच्या तेलाच्या टाक्या त्यातून वगळल्या आहेत, म्हणून राज्यं आपापले नियम करतात. न्यू जर्सीच्या पर्यावरण विभागाकडे अशा टाक्यांसाठी वेगळी व्यवस्था आहे. तिथल्या कायद्यानं जमिनीचा सध्याचा मालक सफाईला जबाबदार धरला जातो, मग टाकी कुणीही पुरलेली असो.

म्हणून सौदा पक्का करण्याआधी धातुशोधक यंत्र आणि रडारनं अंगण तपासून घेण्याची तिथे प्रथा आहे. घराची नेहमीची तपासणी करणारा हे करतोच असं नाही, ते वेगळं सांगावं लागतं. पायाजवळ जमिनीतून वर आलेली पाइपची दोन बुटकी टोकं किंवा तळघराच्या भिंतीतून आलेली, तोंड दाबलेली तांब्याची नळी दिसली, तर टाकीचा संशय धरावा. टाकी शाबूत निघाली तर ती काढायचा खर्च काही हजार डॉलरांत राहतो. ती गळलेली निघाली तर माती खणून न्यायला, भूजल तपासायला आणि सफाई पूर्ण झाल्याचं विभागाचं अंतिम पत्र मिळवायला दहापट किंवा त्याहून अधिक खर्च होऊ शकतो. गळती आढळली की विभागाला लगेच कळवणं बंधनकारक आहे.

निरोपाचीही रीत

आज अनेक घरं तेल सोडत आहेत. मेननं २०२५ पर्यंत घर विजेवर तापवणारे एक लाख नवे उष्मापंप बसवण्याचं ध्येय ठेवलं होतं आणि ते २०२३ मध्येच गाठलं. बर्नर बंद केला म्हणजे काम संपलं असं नव्हे. तेल उपसून, टाकी आतून साफ करून ती काढून टाकावी. पुरलेली असेल आणि काढणं शक्यच नसेल, तर नियमांप्रमाणे साफ करून वाळूनं किंवा तशाच भरावानं भरावी. आणि बाहेरचा भरण्याचा पाइप काढून भिंतीतलं भोक बुजवावं. टाकी गेली पण पाइप राहिला, अशा घरी चुकून आलेल्या टँकरनं तळघरात शेकडो गॅलन तेल ओतल्याच्या घटना घडल्या आहेत. शिट्टीचा नियम पाळला असता तर त्या टळल्या असत्या, पण घरमालकानं अनोळखी टँकरवाल्याच्या कानावर भिस्त ठेवू नये.

टाकी बंद केल्याचा परवाना, कंत्राटदाराचा अहवाल आणि मातीच्या तपासणीचे कागद घराच्या खरेदीखताबरोबर जपून ठेवावेत. पुढचा खरेदीदार टाकीबद्दल विचारणारच आणि ते कागद नसतील तर तो अंगण पुन्हा खणायला लावेल.